रूळ कुणाचे, माल कुणाचा

महाराष्ट्रातून माझ्यापर्यंत पोचणारी वसाहतवादाची चर्चा बहुतेक वेळा वस्तूंभोवती फिरते. लंडनहून २०२४ मध्ये साताऱ्यात आलेली वाघनखं महाराजांचीच का, आणि तीन वर्षांच्या उसनवारीवर का? वाद रास्त आहे. मी राहतो त्या बेल्जियमने २०२२ मध्ये पॅट्रिस लुमुंबांचा एक दात काँगोला, आपल्या जुन्या वसाहतीला, परत केला. १९६१ मध्ये मारल्या गेलेल्या या पंतप्रधानाचं तेवढंच उरलं होतं. त्याच महिन्यात राजे फिलिप यांनी किन्शासात खेद व्यक्त केला. माफी नाही मागितली.

मला मात्र दातापेक्षा लोबितोची रेल्वे जास्त सतावते. अंगोलातल्या लोबितो बंदरापासून काँगोतल्या कटांगाकडे जाणारा हा मार्ग पोर्तुगीज राजवटीत, ब्रिटिश भांडवलावर बांधला गेला, तो तांबं अटलांटिकपर्यंत न्यायला. आता त्याच मार्गाचा विकास हे युरोप-आफ्रिका भागीदारीचं भूषण मानलं जातं. २०२३ मध्ये युरोपीय संघ आणि अमेरिकेने त्यासाठी करार केला. माल तोच, तांबं. वर बॅटऱ्यांसाठी कोबाल्ट.

ब्रुसेल्समधल्या ओळखीच्यांशी यावर बोललं की ते वाटेतल्या शेतकऱ्यांचा फायदा सांगतात. तो होईलही. आपल्याकडे यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला ब्रिटिश कंपनीने वऱ्हाडचा कापूस न्यायला बांधली, आणि ती बंद पडल्यावर पुन्हा सुरू करा म्हणून मागणी केली ती तिथल्याच लोकांनी. तेव्हा रूळ कुणी टाकले यावरून मी भागीदारी मोडीत काढणार नाही. खनिज शुद्ध कुठे होणार, हे विचारीन. स्थानिक प्रक्रियेची भाषा करारांत आली आहे, पण भाषा स्वस्त असते. १९७५ च्या लोमे करारात युरोपने आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिकमधल्या ४६ देशांना आपली बाजारपेठ बरीचशी खुली केली, बदल्यात तशीच सवलत मागितली नाही. तरी त्यांतले बरेच देश कच्चा मालच विकत राहिले.

आणि आपण? २०२३ मध्ये दिल्लीत आफ्रिकी संघ जी-२० चा सदस्य झाला, त्याचा अभिमान मलाही वाटला. पण आफ्रिकेचा कच्चा काजू आपण आणतो, आपल्या कारखान्यांत सोलतो. मोझांबिकशी २०१६ मध्ये तूरखरेदीचा करार केला. पुढच्याच वर्षी आयातीवर मर्यादा घातली आणि तिथले भाव कोसळले. विदर्भातला शेतकरी आयात रोखा म्हणतो, तेही खोटं नाही. वाघनखांवर रात्रभर भांडणारे माझे मित्र या तुरीबद्दल एक अक्षर काढत नाहीत.