फणी कुणाच्या हातात

आमच्या फोंड्यातली एक मुलगी नाटक लिहितेय. १९५५ साल, पोर्तुगीज राजवट, भाटकाराची (जमीनमालकाची) धाकटी सून आणि मुंडकाराची (त्याच्याच जमिनीवर घर करून राहणाऱ्याची) लेक, दोघींचं प्रेम. संहिता माझ्याकडे आणून दिली, वर म्हणाली, "मावशी, गोड बोलू नका हां, खरं काय ते सांगा." सांगितलं. परवा संध्याकाळभर वाद झाला. इथे लिहितेय कारण मला अजूनही माझंच बरोबर वाटतंय.

विषयाबद्दल तक्रार नाही. (आपल्याकडे असलं काही नव्हतंच, असं म्हणणाऱ्यांनी इथूनच मागे फिरावं.) माझं भांडण दुसऱ्या अंकाशी. कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत, पाटाच्या कडेला मुंडकाराची पोर थरथरत्या हाताने सुनेच्या केसांना पहिल्यांदा स्पर्श करते आणि दिवे मंद होतात.

पहिल्यांदा? अगो, माझी आजी मुंडकारीण. रोज तिन्हीसांजेला भाटकाराच्या सुनेचे केस विंचरायचे, वेणी घालायची, आबोलीची फाती माळायची, हे तिचंच काम. बाळंतपणात अंग रगडायचं तेही तिनेच. मालकिणीच्या अंगाला हात लावायला बंदी कसली, ती चाकरीच होती. बंदी उलट्या बाजूने. तीच सून आजीला पाणी द्यायची ते वरून, ओंजळीत. चहा मागच्या पडवीत, करवंटीत. आजी तिला 'बाय' म्हणायची, आणि बायबद्दल बोलताना तिचा आवाज जरा खाली यायचा, एवढं मला आठवतं.

म्हणून मी म्हटलं, प्रसंग फिरव. मुंडकाराच्या पोरीला खाली बसव आणि फणी सुनेच्या हातात दे. काही बोलायला लावू नकोस. गुंता सुटेपर्यंत विंचरू दे. गोव्यातल्या प्रेक्षकाला दिवे मंद करून सांगावं लागणार नाही काय चाललंय ते.

तिसऱ्या अंकात तर ही पोर भाटकारासमोर उभी राहून "मला कुणाची भीती नाही" म्हणते. टाळ्या पडतील, पण घर कुणाच्या जमिनीवर आहे? भाटात पडलेला नारळसुद्धा भाटकाराचा. त्याने 'उठा' म्हटलं की चूल, म्हातारी, पोरंबाळं सगळी रस्त्यावर. मुंडकारांना घरातून काढता येऊ नये म्हणून कायदा झाला तो १९७५ साली, मुक्तीनंतर चौदा वर्षांनी. १९५५ मधली पोर प्रेमात पडेल, पण तोंड उघडण्याआधी आपल्या छपराकडे एकदा बघेल. ते बघणं नाटकात कुठेच नाही.

यावर तिने इंग्लंडची अ‍ॅन लिस्टर काढली. १८३४ मध्ये यॉर्कच्या चर्चमध्ये अ‍ॅन वॉकरबरोबर प्रसाद घेतला आणि त्या दोघींनी तेच आपलं लग्न मानलं. जवळपास ५० लाख शब्दांची रोजनिशी, त्यातला साधारण सहावा हिस्सा सांकेतिक लिपीत. बाई जबरदस्तच, वादच नाही. पण ती कोण होती? शिब्डन हॉलची मालकीण, म्हणजे भाटकारीणच की! निवडणुकीत आपल्या पक्षाला मत द्या म्हणून कुळांवर दडपण आणायची. गाव मागून काहीही बोलो, तिला घराबाहेर काढणारं कोणी नव्हतं. पुढे तिच्याच घराण्यातल्या एकाने ती लिपी उलगडली, मित्राने 'जाळून टाक' म्हटलं तरी वह्या भिंतीच्या लाकडी फळ्यांमागे लपवल्या. लपवायला भिंत होती. आमच्या आजीच्या घराला मातीचा कूड, आणि तिला अक्षर लिहिता येत नव्हतं. त्या काळातल्या प्रेमकथा मालकिणीच्या बाजूनेच का उरतात, त्याचं निम्मं उत्तर मला इथेच दिसतं.

मुलगी रुसून गेली. काल फोन आला, "मावशी, बायने तुमच्या आजीचे केस कधी विंचरले होते का हो?"

मला ठाऊक नाही. शेवटच्या वर्षात आजीला माणसं ओळखू येत नव्हती. आई तिला पडवीत बसवून केस विंचरायची. आजी डोळे मिटून बसायची आणि मग एकदम दाराकडे बघून हळूच म्हणायची, "पुरो गो बाय, कोण तरी येतलें."

आमच्याकडे लेकीलाही बायच म्हणतात. आईलाच म्हणाली असेल.