‘मुका मार’ म्हणून घरी पाठवू नका

छातीला लागणाऱ्या मारावरचा तुमचा लेख चांगला आहे, पण त्यातलं ‘फासळी मोडली नसेल तर हृदयाची काळजी नको’ हे वाक्य कृपया बदला. २ जानेवारी २०२३ ला सिनसिनाटीत अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात डमार हॅमलिन या खेळाडूच्या छातीवर धडक बसली. तो उठून उभा राहिला आणि लगेच कोसळला. कारण निघालं कमोशिओ कॉर्डिस. यात हृदयाच्या स्नायूला जखम होत नाही. ठोक्याच्या चक्रातल्या काही मिलिसेकंदांच्या नाजूक खिडकीत मार बसतो, लय विस्कटते आणि हृदय नुसतं थरथरत राहतं. मैदानावरच छाती दाबून सीपीआर दिला, विजेचा झटका दिला, म्हणून तो वाचला. त्याच वर्षी पुन्हा खेळलासुद्धा! लहान मुलांची छाती लवचीक असते, त्यामुळे त्यांना हा धोका जास्त. आपल्या किती क्रिकेट शिबिरांत असा झटका देणारं एईडी यंत्र असतं?

अपघातातला मार वेगळा. माझ्या मेहुण्याच्या छातीत मोटारसायकलचं हँडल घुसलं होतं. एक्स-रे साफ, म्हणून मुका मार सांगून घरी सोडलं. रात्री छातीत धडधड सुरू झाली, तेव्हा दुसरीकडे नेऊन ईसीजी काढला, रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) तपासलं. हृदयाचा स्नायू ठेचला गेला होता. उजवा कप्पा छातीच्या हाडाच्या लगेच मागे असतो, बहुधा तोच सापडतो. एक्स-रेत हे दिसत नाही. ईसीजी आणि ट्रोपोनिन दोन्ही नॉर्मल आले, तर मोठी इजा जवळपास नाहीच म्हणता येते. लेखात हे दोन शब्द तरी घाला.