बुलेटचा पुढचा ब्रेक: ‘सरळ डिस्क टाका की’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, बुलेटच्या पुढच्या ड्रम ब्रेकवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेल्या प्रतिक्रियेत तीन मुद्दे आहेत. जुन्या बुलेट 350 च्या 6 इंची पुढच्या ड्रमवर (चाकाबरोबर फिरणारा डबा, ज्याला आतून शू घासतात) लायनर (शूवरचा घासणारा थर), केबल, लिव्हर असली कामं करणं म्हणजे पडक्या भिंतीला चुना लावणं, घाटाच्या उतारावर ड्रम पुरत नाही, त्यापेक्षा डिस्क टाकावी, हा पहिला. मी 7 इंची डबल लीडिंग शूची प्लेट सुचवली, पण ती चढावर गाडी मागं घरंगळू देते हे सांगितलं नाही, हा दुसरा. एक्सलचा (चाकाच्या आसाचा) नट सैल करून ब्रेक दाबायची युक्ती म्हणजे जुगाड, हा तिसरा.

दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण तिथं तुमचं बरोबर आहे आणि ते मूळ लेखात यायलाच हवं होतं. लीडिंग शू म्हणजे फिरता ड्रम ज्याला स्वतःकडं ओढून घेतो तो. 6 इंची ब्रेकमध्ये एक शू लीडिंग, एक ट्रेलिंग, म्हणजे ड्रम ज्याला दूर ढकलतो तो. गाडी मागं सरकली की दोघांची कामं अदलाबदल होतात, त्यामुळं पकड तेवढीच राहते. डबल लीडिंगमध्ये पुढं जाताना दोन्ही शू ओढले जातात, मागं सरकताना दोन्ही ढकलले जातात, आणि पकड पार ढिली पडते. पन्हाळ्याच्या चढाला मागं माणूस बसवून गर्दीत थांबलात तर पुढच्या ब्रेकवर विसंबू नका. पायाचा ब्रेक धरा. जुन्या बुलेटला तो डाव्या पायाला असतो, तेव्हा जमिनीवर टेकायचा पाय उजवा. नव्या गाड्यांची सवय असलेल्याची इथंच तारांबळ उडते.

तिसरा मुद्दा मात्र मान्य नाही. ब्रेक प्लेटचं (शू ज्यावर बसतात तिचं) मधलं भोक आणि एक्सल यांच्यात थोडी मोकळीक असते. नट नुसता आवळला तर प्लेट जिथं टेकली असेल तिथंच घट्ट होते आणि एक शू आधी लागतो, दुसरा उशिरा. म्हणून नट सैल करायचा, चाक फिरवून लिव्हर जोरात दाबायचा, जुन्या ट्यूबच्या पट्टीनं मुठीला बांधून ठेवायचा, आणि ब्रेक दाबलेला असतानाच नट आवळायचा. शू स्वतःच प्लेटला मध्यावर आणतात. पट्टी सोडून चाक फिरवा आणि हळूहळू ब्रेक लावा. पूर्ण फेऱ्यात एकसारखी ‘सर्र’ आली पाहिजे. ‘सर्र... सर्र...’ अशी तुटक आली तर ड्रम गोल राहिलेला नाही, आणि मग कितीही सेंटर करून उपयोग नाही.

आता पहिला मुद्दा. बहुतेक जुन्या बुलेटचा ड्रम लहान म्हणून कमी पडतो असं नाही. लायनरचा निम्मा भाग ड्रमला लागतच नाही, म्हणून तो कमी पडतो. 6 इंच म्हणजे 152.4 मिमी. झिजून आणि एकदा लेथवर घेऊन तो ड्रम 153.2 झाला असेल, आणि त्यात दुकानातले तयार शू बसवले, तर ते फक्त मधे टेकतात. शूवर खडू फासून ब्रेक लावा, चाक दोन फेरे फिरवा, उघडून बघा. मधे दोन बोटं रुंद खडू पुसलेला आणि दोन्ही टोकांना पांढरा तसाच, हे चित्र घरोघरी दिसेल.

यावर इलाज कोल्हापूरच्या उद्यमनगरात, वर्कशॉपच्या भागात होतो, फक्त टर्नरला काम नीट सांगावं लागतं. आधी ड्रम. तो चाकासकट लेथवर घ्यायचा, स्पोक ताणलेले असताना. सुटा हब गोल करून आणला आणि नंतर स्पोक ताणले, की ताणानं तो पुन्हा अंडाकृती होतो. 19 इंची रिमसकट फिरवायचं तर बेडमध्ये गॅप असलेला मोठा लेथ हवा, तेव्हा आधी विचारूनच जा. डायल (फरक मोजणारं घड्याळ) लावून 0.1 मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तरच ड्रम लेथवर घ्या, नाहीतर उगाच धातू खाऊ नका. मग शूला नेहमीपेक्षा जाड लायनर चिकटवून घ्या, शू प्लेटवर बसवा, कॅम (फिरून शू फाकवणारा तुकडा) आणि शूच्या मधे पातळ पत्री घालून ते किंचित उघडे ठेवा, आणि प्लेट लेथवर धरून लायनर ड्रमच्या व्यासापेक्षा 0.3 ते 0.4 मिमी कमी व्यासाला घ्या. पत्री काढली की शू बंद होतात आणि चाक मोकळं फिरतं. लायनरची पुढची कड कानशीनं तिरकी करा, नाहीतर ब्रेक अचानक चावतो. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ हवेनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

पुढचं दुखणं लिव्हरच्या कोनाचं. ब्रेक पूर्ण लागलेला असताना केबल आणि कॅमचा लिव्हर यांच्यात काटकोन हवा, किंवा त्याला जरा कमी. लायनर झिजतात तसे लोक ॲडजस्टर आवळत जातात, लिव्हर काटकोनाच्या पलीकडं जातो, आणि मग हात दाबतोय पण जोर कॅमपर्यंत पोचत नाही. केबल जुनी असेल तर बाहेरचं आवरणच दबतं, मुठीवरचा लिव्हर स्पंजासारखा लागतो. केबल नवीन घ्या, जाड तारेची.

7 इंची डबल लीडिंग प्लेट लावणार असाल तर दोन गोष्टी हमखास चुकतात. एक म्हणजे दोन कॅम जोडणारी कांडी. तिची पिन काढा, केबलच्या लिव्हरनं पहिला शू ड्रमला टेकेपर्यंत आणून तिथंच धरा, दुसरा लिव्हर हातानं फिरवून दुसरा शू टेकवा, आणि आता कांडी अशी कमी-जास्त करा की पिन न ठोकता आत सरकली पाहिजे. मग लॉकनट. हे केलं नाही तर एकच शू काम करतो आणि माणूस म्हणतो, एवढा खर्च करून फरक काहीच नाही. दुसरी गोष्ट मुठीवरचा लिव्हर. पिव्होटपासून केबलच्या निपलपर्यंतचं अंतर जुन्या साध्या लिव्हरला 22 मिमीच्या आसपास असतं. डबल लीडिंगला जास्त केबल ओढावी लागते, तिथं 27 मिमीचा लागतो. 22 चा ठेवला तर लिव्हर मुठीला टेकतो तरी ब्रेक अर्धाच.

उताराचं तुमचं म्हणणं आकड्यात मांडून बघू. दोन माणसांसह गाडी 300 किलो धरा, पन्हाळा ते कोल्हापूर उतार साधारण 400 मीटरचा. ही ऊर्जा सुमारे 12 लाख ज्यूल होते, म्हणजे ताशी 60 किमीवरून गाडी 28 वेळा पूर्ण थांबवण्याइतकी. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात उतरलात तर यातलं बरंच इंजिन खातं. न्यूट्रलमध्ये सोडलीत तर सगळं ड्रमवर. ड्रम तापला की फुगून शूपासून लांब जातो आणि लिव्हर खोल जातो. डिस्कला हे दुखणं नाही, आणि गगनबावड्याच्या पावसातही ती लवकर कोरडी होते. तेव्हा घाटात रोजची ये-जा असेल तर डिस्क टाका, माझी ना नाही.

पण अर्धवट टाकू नका. ड्रमवाल्या फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) पायावर कान वेल्ड करून कॅलिपर (डिस्कला चिमटा घेणारा भाग) अडकवलेल्या गाड्या दिसायला नादखुळा असतात. ॲल्युमिनियमच्या ओतीव पायावर वेल्डिंगच्या शेजारूनच तडा जातो, आणि ब्रेकचा सगळा झटका त्या कानावर येतो. कंपनीच्या 280 मिमी डिस्कवाल्या मॉडेलचा अख्खा संच घ्या: फोर्कचे पाय, हब, एक्सल, स्पेसर, मीटरचं गिअर. फोर्कच्या नळ्यांचा व्यास आधी जुळवून बघा. डिस्क बसल्यावर डायल लावा, 0.3 मिमीपेक्षा जास्त हलत असेल तर लिव्हर थरथरणार.

आणि मास्टर सिलिंडर, म्हणजे मुठीजवळचा तेल दाबणारा पंप. मिळेल तो लावतात, इथंच घात होतो. 12.7 मिमी बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) जागी 15.9 चा बसवला तर हाताचा जोर तेवढाच असताना दाब 36 टक्क्यांनी घटतो. गंमत अशी की लिव्हर दगडासारखा लागतो आणि मालक खूश, ‘लय कडक ब्रेक आहे.’ थोडा मऊ, पण खोल न जाणारा लिव्हर जास्त थांबवतो.

जुनं चाक, प्लेट, फोर्कचे पाय मात्र विकू नका. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांवरची गाडी मूळ रूपात असेल तरच तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते.

तुमच्या गाडीवर डिस्क टाकून झाली आहे असं लिहिलंत. मास्टर सिलिंडरच्या बॉडीवर बोअरचा आकडा बहुधा ओतलेला असतो, तो आणि कॅलिपरच्या पिस्टनचा व्यास कळवा. दोन्हींचं गुणोत्तर इथंच काढून देतो.