यिडिश ‘लिहिलंय तसं’ वाचता येत नाही

‘जर्मन येतंय? मग यिडिश फुकटात! हिब्रू लिपीत लिहिलेली जर्मनच ती. लिपी दोन तासांत, लिहिलंय तसं वाचायचं, तीन महिने ॲप, बस्स. तशीही मेलेली भाषा, उच्चार कोण तपासणार? आपले बेने इस्राएलही हीच बोलायचे.’ जर्मन शिकणाऱ्यांच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. परवा भाचीने तो मलाच पाठवला, खाली ‘मावशी, करू का सुरू?’ जरूर कर गं. फक्त या मेसेजच्या भरवशावर नको.

शेवटचं आधी निकालात काढते. बेने इस्राएल म्हणजे कोकणातले ज्यू, त्यांची मायबोली मराठी. यिडिश मध्य आणि पूर्व युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंची. आपल्या या शनवार तेल्यांशी तिचा काडीचा संबंध नाही.

जर्मनचं अर्धं खरं आहे, मान्य करावंच लागेल. हान्ट (हात), वासेर (पाणी), ब्रोयट (पाव) हे शब्द जर्मनवाल्याला शिकवावे लागत नाहीत. पण वाक्यात शिरलं की तीच जर्मन पाय ओढते. ‘तो आज आलाय हे मला माहीत आहे’ यासाठी यिडिशमध्ये ‘इख वेयस, अझ एर इझ हायन्ट गेकुमेन’. जर्मन सवयीने ‘इझ’ वाक्याच्या शेवटी ढकललं की चुकलंच. ‘स्वतःला’ या अर्थाचं सर्वनाम जर्मनमध्ये ‘मिश’, ‘डिश’, ‘झिश’ असं पुरुषाप्रमाणे बदलतं. यिडिशमध्ये सगळ्यांना एकच ‘झिख’, आपल्या ‘स्वतःला’सारखं. साधा भूतकाळ नाही, सगळं ‘इख होब गेगेसन’ (मी खाल्लंय) या साच्यात. आणि जर्मनमधलं पुल्लिंगी ‘डेन’ हे उपपद यिडिशमध्ये नाहीच, तिथे ‘देम’. शब्दयोगी अव्यय कुठलंही असो, पुढे चतुर्थीच येते. जर्मनच्या जोरावर आलेले विद्यार्थी या ‘डेन’पाशी महिनोन् महिने अडकतात.

आता ते ‘लिहिलंय तसं वाचायचं’. सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने होतं, कारण ते पहिले चार धडे खरं वाटतं. जर्मनिक आणि स्लाव्ह मुळाच्या शब्दांत स्वर लिहिलेले असतात: आयिन हे अक्षर म्हणजे ‘ए’, पासेख ही खूण लावलेला आलेफ ‘आ’, कोमेत्स ही खूण लावलेला आलेफ ‘ओ’. पण हिब्रू-अरामी मुळाचे शब्द आपलं जुनं लेखन सोडत नाहीत, आणि त्या लेखनात बरेचसे स्वर नसतातच. लग्नाचा शब्द घ्या. म्हणायचं ‘खासेने’, लिहायचं खेस, सोव, वोव, नुन, हे. अक्षराला अक्षर लावत गेलात तर ‘ख्सुन्ह’ असलं काहीतरी हाती येतं. ज्या वोवचा ‘उ’ व्हायला हवा तो ऐकूच येत नाही, आणि जे ‘आ’ आणि ‘ए’ ऐकू येतात ते कागदावर नाहीत. शनिवार ‘शाबेस’, लिहायला शिन, बेस, सोव. खरं म्हणजे ‘एमेस’, लिहायला आलेफ, मेम, सोव. हे काही पंडिती शब्द नव्हेत. लग्न, कुटुंब, खरं, कदाचित, शनिवार हे टाळून दिवसभर बोलून दाखवा! आपण ‘ज्ञान’ लिहितो आणि ‘द्न्यान’ म्हणतो, त्याच जातीचं प्रकरण, फक्त इथे स्वरच गायब.

सोव्हिएत संघाने हा पेच आपल्या परीने सोडवला: ऐकू येतं तसं लिहा. ‘द्न्यान’ लिहा म्हणण्यासारखंच. म्हणून मॉस्कोच्या ‘देर एमेस’ या वर्तमानपत्राच्या नावातल्या ‘एमेस’मध्ये दोन आयिन दिसतात. परिणाम असा की तिकडच्या पुस्तकातला शब्द तसाच्या तसा कोशात शोधला तर सापडत नाही. आणि हे सगळं माझं म्हणून सोडून द्यायचं असेल तर उरिएल वाइनराइखचा 1968चा यिडिश-इंग्रजी कोश उघडा. अशा शब्दांपुढे त्याने चौकटी कंसात उच्चार दिलाय. लिहिलंय तसंच वाचायचं असतं तर कंस कशाला खर्ची घातले असते?

उपाय कंटाळवाणा आहे. असे शब्द रोज पाच, प्रत्येकाचं वेगळं कार्ड: पुढे फक्त लेखन, मागे देवनागरीत उच्चार आणि अर्थ. देवनागरीच, कारण त्सादिकचा ‘त्स’ म्हणजे जवळजवळ आपल्या ‘चमचा’तला च, रोमन अक्षरांपेक्षा बरा बसतो.

ॲपचं थोडक्यात. ड्युओलिंगोवर यिडिश एप्रिल 2021मध्ये आली. लिपी घोटायला ठीक. पण तिथलं लेखन यिवो या यिडिशच्या अभ्याससंस्थेच्या प्रमाण नियमांचं आणि आवाज हसिदी, म्हणजे एका कर्मठ ज्यू पंथाच्या, बोलीचा. पडद्यावर ‘गुट’ दिसतं, कानावर ‘गिट’ येतं. ‘वोस’चं ‘वुस’, ‘टोग’चं ‘टुग’. ही चूक नाही, दोन परंपरा आहेत. आधी माहीत नसेल तर मात्र विद्यार्थी स्वतःच्या वाचनालाच चूक समजून बसतो. आणि हा आवाज आला कुठून? ब्रुकलिनचं विल्यम्सबर्ग, लंडनचं स्टॅमफर्ड हिल, अँटवर्प इथल्या हसिदी घरांत मुलं आजही हीच बोलत मोठी होतात. व्हिल्ना आणि वॉर्साचं यिडिश जग नाझींनी संपवलं, हे खरं. म्हणून भाषा मेली असं होत नाही. उच्चार तपासणारे भरपूर आहेत.

मेसेजमध्ये नसलेली एक अडचण टायपिंगची. युद या अक्षराचे दोन जोडीने एकच चिन्ह म्हणूनही टाइप होतात आणि सुटे दोन म्हणूनही. दोन वोव आणि वोव-युद यांचंही तेच. डोळ्यांना सारखंच दिसतं, पण संगणकाला ते वेगवेगळं, त्यामुळे कार्डावरचं बरोबर उत्तरही चूक ठरतं. युनिकोडचं सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं आपोआप एकसारखी करणं, केलं तर पासेख-आलेफसारखी अक्षरं मार्गी लागतात, या जोड्या लागत नाहीत. त्या ‘शोधा आणि बदला’ने हाताने सुट्या कराव्या लागतात. जोड चिन्हाचं सुटं करायचं, कधीही उलट नाही. ‘यिडिश’ या शब्दाच्या सुरुवातीलाच दोन सुटे युद आहेत, पहिला ‘य’चा, दुसरा खिरिक ही खूण लावलेला ‘इ’चा. त्यांची जोडी लावली की ते ‘एय’ होऊन बसतं.