आठवड्याला सात शनिवार

फ्लॅट लोणावळ्यालाच घ्या. आणि घेतलात की तिथे राहायला आलेल्या माणसाला चुकूनही भाड्याने देऊ नका.

राहणारा भाडेकरू म्हणजे फार नीरस प्रकार. बदली होऊन आलेला बँकेतला कारकून, बायको, शाळकरी मुलगी. एकदा करार नोंदवायचा, डिपॉझिट घ्यायचं, पोलिसांकडे माहिती द्यायची, संपलं. पाच तारखेला भाडं जमा. नळाचा वॉशर तो स्वतःच बदलणार. वर्षभरात चारचौघांत सांगायला एक किस्सा मिळायचा नाही.

(अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असं सांगणारे काका घरोघरी असतात. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने करार लेखी हवा आणि नोंदलेलाही हवा. नाही नोंदवलात, तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं. खोटं ठरवायचं काम तुमचं. पण तुम्हाला काय त्याचं, तुम्ही भाडेकरू ठेवणारच नाही.)

शिवाय भाडं ते किती? फ्लॅट ७० लाखांचा, वर्षाचं भाडं किमतीच्या दोन-अडीच टक्के, म्हणजे महिन्याला बारा-चौदा हजार. हा आकडा कर्जाच्या हप्त्याशेजारी लिहू नये, रक्तदाब वाढतो.

त्यापेक्षा फ्लॅट पर्यटकांना एकेका रात्रीसाठी द्या. एजंट काय म्हणतो ते ऐका. रात्रीचे ५,००० गुणिले ३०, झाले दीड लाख! तुमच्यासमोर कॅल्क्युलेटरवर करून दाखवतो, खोटं कसं असेल? त्याच्या कॅलेंडरमध्ये आठवड्याला सात शनिवार असतात. मंगळवारी कोण येतं, असं विचारू नका. त्याने चहा मागवलेला असतो, उगाच वातावरण बिघडतं.

मग खरी मजा सुरू होते. बुकिंग चौघांचं, दोन गाड्यांतून उतरतात अकरा. रात्री एक वाजता सोसायटीचे सेक्रेटरी फोन करून सांगतात की तुमच्या बाल्कनीतून धूर येतोय. तुम्ही कोथरूडला पांघरुणात बसून पाहुण्यांना फोन लावता आणि अत्यंत मायेने विचारता, "दादा, शेगडी आत घेता का जरा?" ओरडायची सोय नाही, सकाळी त्यांना रिव्ह्यू लिहायचा असतो. तो येतोच. पाचपैकी तीन तारे. 'डोंगर दिसला नाही, धुकं होतं.'

रविवारी अकराला हे निघणार, दोनला पुढचे येणार. मधल्या तीन तासांत केअरटेकरच्या बायकोने मॅगीचं करपलेलं पातेलं घासायचं, टॉवेलला पुसलेली पावभाजी काढायची आणि चादरी बदलायच्या. पांढऱ्या चादरी हव्यात, फोटोत बऱ्या दिसतात. जुलैत लोणावळ्यात चादर वाळत नाही, नुसती लटकते. कपाटाच्या पाठीवर पांढरी बुरशी धरते आणि गादीला येणारा वास तुम्ही जाहिरातीत 'निसर्गाच्या कुशीत' या दोन शब्दांत बसवता.

सोसायटीचं टेन्शन घेऊ नका. साधा भाडेकरू ठेवला असता, तर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते ते जादा शुल्क) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत. २००१ पासून सरकारने तसं ठरवून टाकलंय. म्हणजे भांडायलाही जागा नाही. पर्यटक ठेवलेत की सर्वसाधारण सभेत 'ऐनवेळचे विषय' या सदरात पाऊण तास फक्त तुमच्यावर चर्चा. एवढा मान भाडेकरू ठेवणाऱ्याला मिळतो का?

सोमवार ते गुरुवार इमारत शांत असते. गावातल्या शाळेत नव्याने लागलेली बाई खोली शोधत खाली येते. वॉचमन वरच्या बंद खिडक्यांकडे बोट दाखवून सांगतो, "सगळं रिकामंच आहे मॅडम, पण भाड्याला काही नाही." तिला कोण समजावणार की फ्लॅट रिकामे नाहीत, शनिवारची वाट बघतायत!

आणि हो, तुम्हाला स्वतःलाही तिथे राहायचं होतं ना? दिवाळी विसरा, नाताळ विसरा, त्या तारखा विकल्या गेल्यात. सप्टेंबरातला एखादा मंगळवार मिळेल. सुट्टी टाका, बायको-मुलांना गाडीत बसवा, सोबत आई-बाबांनाही घ्या. जिन्यात केअरटेकर उभा असेल. नवीन आहे, तुम्हाला ओळखत नाही.

"बुकिंग किती जणांचं, साहेब? जास्तीच्या गादीचे वेगळे पडतील."