झाकली मूठ, सव्वा लाखाचा आउटपुट

अभिनंदन! तीनशे प्रश्नावल्या भरून झाल्या, डेटा एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये चढला आणि आज पडद्यावर पहिली टेबलं उमटली. आता खरा प्रश्न: हे निकाल ठेवायचे कसे आणि गाईडना द्यायचे कसे? पीएचडीची सहा वर्षं मी याच कामात घालवली आहेत, तेव्हा माझं ऐका.

फाइलला नाव देण्याच्या भानगडीत पडू नका. सॉफ्टवेअर आपणहून 'आउटपुट१' म्हणतं, मग 'आउटपुट२'. बारसं झालेलं आहे, तुम्ही कशाला आत्याबाई होता? सर "ते स्त्री-पुरुष तुलनेचं टेबल कुठंय?" असं विचारतील तेव्हा पहिल्यापासून एकेक उघडत जा. संशोधन म्हणजे शोधणंच ना! अगदीच हौस असेल तर 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल सरांनी सांगितलेलं' अशी नावं चालतील. तारीख घालू नका. तारखेनं गोष्टी सापडतात.

डायलॉग बॉक्समध्ये 'ओके'च्या शेजारी 'पेस्ट' असं एक बटण असतं. ते दाबलं की तुम्ही निवडलेलं सगळं आज्ञांच्या रूपात सिंटॅक्स फाइलमध्ये उतरतं आणि वर्षभरानं तेच टेबल जसंच्या तसं पुन्हा काढता येतं. त्याच्या वाटेला जाऊ नका, तो पुरावा आहे. पण सॉफ्टवेअर मुळात चोंबडं. तुम्ही नुसतं 'ओके' दाबलंत तरी आउटपुटमध्ये 'लॉग' नावाखाली ते सगळं टिपून ठेवतं. डाव्या यादीतून एकेक लॉग निवडा आणि उडवा. दहा जणांनी उत्तर दिलं नाही म्हणून तुम्ही ९९ टाकलंत, ९९ म्हणजे 'मिसिंग' हे सॉफ्टवेअरला सांगायचं राहिलं, आणि १ ते ५ गुणांच्या प्रश्नाची सरासरी ६.७ आली. मग ती ३.५ कशी झाली, हे जगाला कळायचं काय कारण?

आता पाठवायचं. आउटपुट ज्यात साठवलं जातं ती एसपीव्ही फाइल ज्याच्याकडे एसपीएसएस नाही त्याच्याकडे उघडत नाही, म्हणून तीच पाठवा. "उघडत नाहीये," असा निरोप येईल. "सर, माझ्याकडे तर उघडतंय," असं कळवा. एका क्लिकवर पीडीएफ होते, पण कळवू नका. दोन दिवसांनी सर वैतागून म्हणतील, "अरे, फोटो काढून पाठव." याच क्षणाची वाट पाहत होतो आपण.

मोबाइल जरा तिरका धरा. पडद्यावर ट्यूबलाइटचा पट्टा उमटला पाहिजे, तोही नेमका 'सिग.'च्या रकान्यावर, म्हणजे निकाल निव्वळ योगायोगानं येण्याची शक्यता (पी) सांगणाऱ्या आकड्यांवर. काय-स्क्वेअर, म्हणजे दोन गोष्टींचा संबंध आहे का हे तपासणारी चाचणी, तिच्या टेबलाखाली बारीक अक्षरात एक टीप येते, की इतक्या खणांत अपेक्षित संख्या पाचापेक्षा कमी आहे; असे खण फार असले तर निकालाचा भरवसा नाही. ती फ्रेमबाहेर ठेवा. रकान्यात .००० दिसलं, तर प्रबंधात 'पी = ०' असं ठसठशीत टाइप करा. आधी टेबलावर आणि मग त्या आकड्यावर डबल-क्लिक केलं की मागची दशांश स्थळं दिसतात आणि तिथं शून्य नसतं, हे ज्यांना माहीत आहे त्यांना बहिःस्थ परीक्षक म्हणून बोलवत नाहीत.

आणि मूळ फाइल कोणी मागितलीच तर? मुळीच देऊ नका. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ हे मोठे अर्थतज्ज्ञ. देशाचं कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की आर्थिक वाढीची सरासरी उणे ०.१ टक्का होते, असं त्यांनी २०१० मध्ये मांडलं, आणि काटकसरवाल्या पुढाऱ्यांनी ते डोक्यावर घेतलं. पुढं अमेरिकेतल्याच थॉमस हर्नडन या पीएचडीच्या विद्यार्थ्यानं गृहपाठासाठी त्यांची एक्सेल फाइल मागितली. भल्या माणसांनी दिली! सरासरीच्या सूत्रात पाच देश घ्यायचेच राहिले होते. शिवाय काही वर्षांची आकडेवारी गाळलेली, आणि सरासरीत कोणत्या देशाला किती भार द्यायचा ती पद्धतही वादाची. २०१३ मध्ये हर्नडन आणि त्याच्या प्राध्यापकांनी नवा आकडा छापला: अधिक २.२. फोटो पाठवला असता तर झालं असतं का हे?

माझं म्हणाल, तर माझ्या प्रबंधातलं टेबल ४.१२ परवा एका मुलीनं मागितलं. तिला तेच विश्लेषण आपल्या जिल्ह्यात करायचं होतं. ते आउटपुट४७ मध्ये होतं आणि आउटपुट४७ होतं लॅबमधल्या खिडकीजवळच्या मशीनवर. दिवाळीच्या सुट्टीत ते मशीन फॉरमॅट झालं. मी व्हॉट्सअ‍ॅप धुंडाळलं, तर फोटो सापडला. उजवीकडचे दोन रकाने तेवढे ट्यूबलाइटखाली आहेत.