ताटाची डावी-उजवी बाजू

दोन वर्षांपूर्वी आषाढी एकादशीला दुपारी माझ्या रक्तातली साखर 268 आली. उपास होता. सकाळपासून पोटात गेलं होतं ते साबुदाण्याची खिचडी, वरईचा भात, दाण्याची आमटी आणि रताळ्याच्या गोड काचऱ्या. सगळं घरचं, बाहेरचा एक घास नाही. मीटर बिघडलं असेल म्हणून दुसऱ्या बोटाला टोचून पाहिलं. 261.

‘एकादशी दुप्पट खाशी’ असं आपल्याकडे म्हणतातच, पण मी दुप्पट खाल्लं नव्हतं. रोजच्यापेक्षा कमीच खाल्लं होतं. गोम पदार्थांत होती. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा स्टार्च, 100 ग्रॅममध्ये 85 ग्रॅमच्या वर कार्ब (कार्बोहायड्रेट, म्हणजे पचल्यावर ज्याची साखर होते तो भाग) आणि प्रथिनं नावालासुद्धा नाहीत. त्यावर वरई, त्यावर रताळं आणि गूळ. देवाच्या नावानं आपण जो हलका आहार म्हणून घेतो, तो डायबेटिसच्या माणसासाठी वर्षातला सगळ्यात जड आहार असतो. त्या दिवसापासून मी खाण्याकडे नीट बघायला लागले, म्हणून सुरुवात तिथून केली.

डायबेटिस त्याआधी आठ महिने निघाला होता. एचबीए1सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, 8.3. ऐकणारा प्रत्येक जण म्हणाला, ‘तू तर एवढीशी, तुला कशी साखर?’ माझं वजन 54 किलो, उंची पाच फूट एक इंच. मलाही तोच प्रश्न होता. मग याज्ञिकांच्या फोटोबद्दल वाचलं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, सारखाच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. दिसायला बारीक, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी. आपल्यापैकी कितीतरी जणांची शरीरं अशीच असतात. माझाही बीएमआय साडेबावीसच्या आसपास आहे. आरशात बघून मी स्वतःला निरोगी समजत होते.

माझा भाचा पुण्यात असतो, जिमला जातो. तो म्हणाला, ‘मावशी, तू पॅलिओ कर.’ शेती सुरू होण्याआधीचा माणूस जे खात होता ते खायचं, अशी ती कल्पना. 1985 साली बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर या दोघांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्यावर लेख लिहिला आणि पुढे तिचा जगभर बोलबाला झाला. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, सुकामेवा चालतो. धान्य नाही, डाळी-कडधान्यं नाहीत, दूध-दही नाही, साखर नाही.

मी सहा आठवडे मनापासून केलं. उपाशीपोटीची साखर उतरली, हे मान्य केलंच पाहिजे. पण आमच्या घरात सोमवार, गुरुवार आणि अख्खा श्रावण पाळतात. त्या दिवशी उसळ नाही, झुणका नाही, दही नाही, ताक नाही, तर खायचं काय? भाजी आणि बदाम. बदामाच्या पिठाच्या पोळ्या करून पाहिल्या, तव्यावरच तुटायच्या, आणि ते पीठ आमच्या महिन्याच्या किराणाला झेपणारं नव्हतं. शिवाय एक गोष्ट मीटरनंच दाखवली. पॅलिओत मध चालतो, रताळं चालतं. एका सकाळी उकडलेली दोन रताळी आणि वर चमचाभर मध खाल्ला, तर साखर 224. तेव्हा लक्षात आलं की पॅलिओ आणि लो-कार्ब हे दोन वेगळे विचार आहेत. एक विचारतो, हे अन्न किती जुनं? दुसरा विचारतो, यात कार्ब किती? माझ्या स्वादुपिंडाला फक्त दुसऱ्या प्रश्नाशी देणंघेणं आहे.

आणि जुनं म्हणावं तर ज्वारी काय कमी जुनी? मोझांबिकमधल्या एका गुहेत सापडलेल्या दगडी हत्यारांवर ज्वारीच्या कुळातल्या गवताच्या दाण्यांचे स्टार्चचे कण मिळाल्याचं 2009 साली प्रसिद्ध झालं. हत्यारं एक लाख वर्षांहून जुनी. म्हणजे अश्मयुगातल्या माणसानंही हाताला लागलेले दाणे सोडले नव्हते. मी पॅलिओ सोडलं आणि लो-कार्ब धरलं ते या टप्प्यावर.

मग स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा आणला. सगळ्यांनी आणावा असं मी तळमळीनं सांगेन, कारण अंदाज फार फसवतात. ‘भाकरीनं साखर वाढत नाही’ हे आमच्या कोल्हापुरात लहान पोरगंही सांगेल. सासूबाईंच्या हातच्या भाकरीचं पीठ तोललं, एका भाकरीला 80 ग्रॅम. म्हणजे साधारण 54 ग्रॅम कार्ब. माझ्या एका फुलक्याला कणीक 30 ग्रॅम, कार्ब 20च्या आत. एक भाकरी म्हणजे जवळजवळ तीन फुलके! ज्वारीत तंतू चांगले, ती हळू पचते, हे खरंच आहे. पण मी पोळ्या सोडून दोन-दोन भाकऱ्या खात होते आणि पथ्य पाळते असं समजत होते.

गुळाचंही तसंच. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, आम्हाला त्याचा अभिमान आहे आणि असायलाच हवा. पण गूळ म्हणजे बहुतांशी साखरच. गुळाचा चहा डायबेटिसला चालतो हे आमच्या गावानं पसरवलेलं सगळ्यात महागडं समाधान आहे. गंगावेशीतल्या कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा मोठा ग्लास पिणाऱ्यांनीही धरून चालावं की त्यात 12 ग्रॅमच्या आसपास दुधातलीच साखर असते. दही-ताकात ती थोडी कमी होते.

जुना दिवस मी एकदा कागदावर मांडला. सकाळी पोहे, तीन वेळा दोन-दोन चमचे साखरेचा चहा, दुपारी तीन पोळ्या आणि भात, रात्री दोन भाकऱ्या आणि पुन्हा भात. बेरीज 300 ग्रॅमच्या वर. यात मी एकटी नाही. आयसीएमआर-इंडियाब या डायबेटिसच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतीय माणसाच्या ऊर्जेतला सुमारे 62 टक्के भाग कार्बमधून येतो. याच पाहणीच्या 2023 साली आलेल्या आकड्यांप्रमाणे देशात 10 कोटींहून जास्त प्रौढांना डायबेटिस आहे. त्याच गटानं 2022 साली मांडलं होतं की नव्यानं डायबेटिस झालेल्यांनी कार्ब 49 ते 54 टक्क्यांवर आणून प्रथिनं 20 टक्क्यांपर्यंत नेली, तर साखर आटोक्यात येऊन डायबेटिस मागे हटायची शक्यता वाढते. म्हणजे भात-भाकरी बंद करा असं कुणी म्हटलेलं नाही. मी स्वतः त्याहून बरीच खाली आले, दिवसाला 110 ते 120 ग्रॅम, कारण माझं मीटर तिथं शांत राहतं.

ते जमलं कसं, तर आपल्या ताटामुळे. वाढताना डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. मधोमध भात आणि पोळी. ही रचना आईनं मला सात-आठ वर्षांची असताना शिकवली. कालांतरानं आपण काय केलं? डावी बाजू बोटभर झाली, उजवी चमचाभर, आणि मधला ढीग वाढत गेला. भाजी ही पोळीला लावण्यापुरती राहिली. मी फक्त मापं उलटी केली. कोशिंबीर वाटीभर, दाण्याचं कूट आणि दही घालून. भाजी दोन वाट्या: पडवळ, दोडका, गवार, मेथी, शेपू, भरली वांगी. मोड आलेल्या मटकीची घट्ट उसळ, नाहीतर दोन अंडी, नाहीतर मासे. मध्ये 35 ग्रॅमची छोटी भाकरी. रात्री भात चार चमचे, आमटीत कालवून. रविवारी मटण आणि वाटीभर पांढरा रस्सा, त्यात मला काहीच सोडावं लागत नाही. मिसळ खाते ती ब्रेडशिवाय, फरसाण कमी, मटकी आणि कट जास्त, सोबत दही. पहिल्यांदा वेटरनं ‘ब्रेड कमी पडला काय?’ असं विचारलं होतं, आता तो ब्रेड आणतच नाही.

पुरणपोळी होळीला अर्धी खाते, तूप घालून, कटाच्या आमटीबरोबर. तिला नाही म्हणणं मला जमत नाही आणि जमवायचंही नाही.

खरी अडचण पदार्थांची नव्हतीच. सासूबाई दुखावल्या. मी भाकरी बाजूला सारली की त्यांचा चेहरा पडायचा. एकदा म्हणाल्या, ‘भाकरीला न्हाई म्हनू ने गं.’ त्यांचं माहेर आटपाडीकडचं. बहात्तरच्या दुष्काळात त्या सोळा-सतरा वर्षांच्या होत्या, दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढलेले. त्या माणसाला ‘धान्य कमी खा’ हे कुठल्या तोंडानं सांगायचं? ज्यांच्या आयुष्यात पोटभर भाकरी हीच सुबत्ता होती, त्यांना आपलं हे पथ्य म्हणजे अन्नाचा अपमान वाटतो. मी वाद घातला नाही. त्यांच्याच हातची भाकरी खाते, फक्त गोळा मी काढून देते. त्या थापतात. छोटी भाकरी थापायला जास्त नजाकत लागते, असं आता त्याच सांगतात.

दुसरी अडचण मला स्वतःला दिसायला वीस वर्षं लागली. आमच्याकडे, आणि तुमच्यापैकी कित्येकींकडे, स्वयंपाक करणारी बाई शेवटी बसते. आधी मुलं, मग पुरुष, मग सासू. उसळीतली मटकी, रश्शातले तुकडे, अंडी, घट्ट आमटी तोवर संपलेली असते. उरतो भात, दोन पोळ्या आणि पातेल्याच्या तळाचं पाणी. ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून सकाळची शिळी पोळीही तीच खाते. वीस वर्षं मी घरात सगळ्यात जास्त कार्ब आणि सगळ्यात कमी प्रथिनं खाल्ली, आणि घरात डायबेटिस पहिला मला झाला. हे फक्त योगायोगानं झालं असं मला वाटत नाही. आता वाढायला घ्यायच्या आधी मी माझी उसळीची वाटी काढून झाकून ठेवते. पहिल्या दिवशी हात थरथरला, चोरी केल्यासारखं वाटलं. जाऊबाईंनी पाहिलंही. काही बोलल्या नाहीत. महिन्याभरानं त्यांच्याही नावाची वाटी ओट्यावर दिसली.

एक चूक मात्र सांगायलाच हवी. मी कार्ब एकदम खाली आणले आणि डॉक्टरांना सांगितलं नाही. मेटफॉर्मिनसोबत ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी चालू होती. चौथ्या दिवशी ऑफिसात दुपारी दरदरून घाम, हातापायांना कापरं, डोळ्यांपुढे अंधारी. साखर 58. शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी साखरपाणी पाजलं म्हणून निभावलं. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना जेवणातले कार्ब कमी केले की साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते, डोस आधी कमी करावा लागतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या जातीच्या गोळ्या असतील तर आणखी जपा. त्यांवर फार कडक लो-कार्ब केलं तर साखर जास्त न दिसताही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढून जिवावर बेतू शकतं. किडनीचा त्रास असणाऱ्यांनी प्रथिनं वाढवण्याआधी विचारावं. माझी पोस्ट वाचून उद्यापासून सुरू करू नका, आधी गोळ्यांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांसमोर बसा. माझी ग्लिमेपिराइड नंतर डॉक्टरांनीच बंद केली. गेल्या तपासणीत एचबीए1सी 6.2 होतं.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनाही साखर आहे. त्यांना मी हे सगळं उत्साहानं सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘ताई, रेशनवर गहू-तांदूळ येतो, डाळ इकत घ्याय लागती.’ मला पुढं बोलवेना. अन्नसुरक्षा कायद्यात माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं, आता ते मोफत आहे. भुकेसाठी त्याची गरज होती आणि अजूनही आहे. पण कष्टकऱ्यांच्या घरातही आता साखरेचा आजार आहे, आणि त्यांच्या पिशवीत सरकारकडून जातात ते गहू-तांदूळच. तूर, हरभरा, मटकी, शेंगदाणे रेशनवर कायमचे आले पाहिजेत. तोपर्यंत लो-कार्ब हे पगारदारांचं पथ्य राहणार, आणि मला ते टोचतं. मावशींसाठी आम्ही मिळून एक केलंय: आमच्याकडे उसळ शिजते ती त्यांच्या डब्यापुरती जास्त शिजते.

यंदाच्या आषाढीला खिचडी केली, पण घरच्यांसाठी. माझ्यासाठी काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर, लाल भोपळ्याचं दह्यातलं भरीत, दाण्याची आमटी आणि तिच्यात दोन चमचे वरई. ताक दोनदा. सगळं उपासाला चालणारं. दोन तासांनी मीटर लावलं, 141. सासूबाई शेजारी खिचडी संपवून बसल्या होत्या. ‘किती आलं?’ म्हणून विचारलं, आकडा ऐकला, मग थोड्या वेळानं स्वतःचं बोट पुढं केलं. ‘माझं बी बघ.’

236. त्यांची साखर आजवर कुणी तपासलीच नव्हती. या शुक्रवारी सकाळी त्यांना रक्त तपासायला घेऊन जाते आहे.